हात धुतले काय?

मुंबई,
ता. २२ सप्टेंबर १९८७

प्रिय चंद्रकला,

तुला आशीर्वाद आणि श्रावणजींना सप्रेम जय भीम. तुम्ही दोघं पांढुर्ण्याला सुखरूप पोहोचल्याचं कार्ड मिळालं. मिळालं म्हणजे हातात नाही. बाहेरचा कागद या खोलीत येत नाही. रजनी सिस्टरने ते काचेच्या पलीकडून धरलं आणि मी वाचलं. त्यामुळे तुझ्या सासूबाईंचं आणि तुझं कशावरून वाजलं, हे आता वॉर्डातल्या सगळ्या सिस्टरांना माहीत आहे. पुढच्या वेळी जरा सांभाळून लिही.

कंबर अजून ठणकते का? हाडात सुया घालून काढलेलं, दुखणारच. नागपूरपर्यंत तू एका कुशीवर टेकून बसली होतीस, असं श्रावणजींनी तुझ्या लीलावहिनीला कळवलं. तू मात्र कार्डात 'मजेत आलो' लिहितेस. मायसारखीच आहेस. निर्गुडीच्या पाल्याने शेक आणि घागरी उचलू नकोस.

माझं म्हणशील तर वाट पाहणं चालू आहे. मला अजून नवल वाटतं. माझ्या हाडांनी रक्त बनवायचं सोडून दिलं, म्हणून तुझ्या हाडातला मगज काढला आणि बाटलीतल्या रक्तासारखा माझ्या शिरेत सोडला. मला वाटलं होतं, माझ्याही हाडाला भोक पाडून आत भरतील. पण डॉक्टर अनुराधाबाई म्हणाल्या, गरज नाही, त्या पेशी आपलं घर आपणच शोधतात, कुणाला पत्ता विचारत नाहीत. सौंसरच्या बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीत जन्म काढलेल्या माणसाला हे ऐकून वाईटच वाटलं.

त्या रोज सकाळी रक्ताचा कागद बघतात आणि म्हणतात, 'अजून नाही, येतील.' मी काय बोलणार? इतकी वर्षं मीही खिडकीतून हेच सांगत आलो. 'छिंदवाड्याची गाडी येऊन राहिली बाप्पा, रामाकोना सोडलं तिनं.' गाडीचा पत्ता नसला तरी सांगायचो. लोक निदान पाणी पिऊन बसायचे. आता मी पाणी पिऊन बसलो आहे.

खोलीचं सांगतो. जो येतो तो तोंडाला फडकं, हातात मोजे, पायात पिशव्या घालून. लीलासुद्धा. जेवण इतकं उकडलेलं की भात कोणता आणि दोडका कोणता ते विचारावं लागतं. तोंड आलंय, त्यामुळे चवीची तक्रार नाही. पहिले काही दिवस घाबरलो. मग एकदम लक्षात आलं, अरे, ही तर बाळंतिणीची खोली! तू झालीस तेव्हा रामाकोन्याला मायची खोली अशीच होती. सव्वा महिना बाहेरचं कुणी आत नाही. दाराला कडुनिंबाचा डहाळा, उंबऱ्याशी पाण्याचं घंगाळ, आत अंधार, ओव्याचा धूर आणि कानाला फडकं बांधलेली माय. उंबऱ्यावर पहाऱ्याला मी, हातात तुरीची वाळकी तुराटी. माय आतून बजावायची, 'कोनी बी येवो, आंदी इचार, हात धुतले काय? नाई धुतले त आत नाई.'

मी इतका कडक होतो की मनकर्णा आत्याच्या पायावर तुराटी ओढली. ती कापूस वेचून सरळ तुला पाहायला आली होती. 'तुही आत्या व्हय मी, ओयखत नाई काय रे?' मी म्हणालो, 'हात धुतले काय?' बाबा अंगणात संत्र्याची खोकी ठोकत होते. त्यांच्या हातातला हातोडा हसण्याने खाली पडला. बाबांना इतकं हसताना मी नंतर फार वेळा पाहिलं नाही.

तू जाताना दवाखान्याच्या आवारातला कडुनिंब तोडून माझ्या दाराच्या कडीला अडकवलास. तासाभरात मेट्रनबाईंनी तो काढला आणि 'हा कचरा कोणी केला' म्हणून वॉर्ड डोक्यावर घेतला. मी झोपेचं सोंग घेतलं. मागून डॉक्टरीणबाईंनी समजावलं की ओल्या पाल्यावर बुरशी असते, सध्या ती माझ्या जिवाला घातक आहे. मी मान डोलावली. पण तो तासभर मला फार बरं वाटलं, हे त्यांना सांगितलं नाही.

भीती वाटते का, असं तू विचारलंस. वाटते.

तुझा भाऊ,
गुणवंता


मुंबई,
ता. १४ ऑक्टोबर १९८७

चंदे,

आल्या! तुझ्या पेशी आल्या. गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाई काचेशी उभ्या राहिल्या आणि आत यायच्या आधीच बोटांनी आकडा दाखवायला लागल्या. तोंडाला फडकं होतं, पण डोळ्यांवरून हसू कळतंच. लीला बाहेर बाकावर बसून रडली आणि मग तिने रजनी सिस्टरला पेढा दिला. आज मला चांगला ताजा आकडा मिळाला. असंच राहिलं तर दवाखान्याजवळच्या खोलीत राहायला जाऊ देणार आहेत.

मी त्यांना विचारलं, आल्या म्हणजे कोण आल्या? त्यांनी खुर्ची ओढून नीट सांगितलं. रक्तात पहारेकरी दोन जातीचे. पहिल्यांदा येतात त्यांना ओळखपाळख काही नसते. माणूस जन्मतो तेव्हापासूनच त्यांना एवढंच ठाऊक, की हा आपला नाही, हाणा. दुसरे असतात ते आठवण ठेवणारे. एकदा आलेला रोग ते विसरत नाहीत. पण ते सावकाश येतात, वर्ष लागेल, दीड वर्षही लागेल. तोवर मी पहिल्यांच्या भरवशावर.

ऐकता ऐकता मला तुराटी आठवली. आत्यालाही न ओळखणारा पहारेकरी! मी त्यांना ती गोष्ट सांगितली. त्या इतक्या हसल्या की बाहेरून सिस्टर पाहायला आली. आता त्या रोज आत येताना दारात थांबून मला विचारतात, 'हात धुतले काय?' त्यांचं मराठी पुण्याचं, पण एवढं वाक्य बरोबर आपल्यासारखं म्हणतात.

एका गोष्टीने मात्र जीव हळहळला. त्या म्हणाल्या, तुमच्या अंगाने आजवर जे जे रोग लक्षात ठेवले होते ते बहुतेक पुसले गेले समजा. गोवर, कांजण्या, सगळं. लहान मुलासारखे डोस पुन्हा घ्यावे लागतील. मी विचार करत बसलो. तुला आणि मला गोवर एकदमच निघाला होता. मायने दोघांना एका खाटेवर टाकलं होतं आणि तू रात्रभर माझं पांघरूण ओढायचीस. बाबा बोरगावच्या बगीच्यातून संत्री आणायचे आणि आपल्याला मिळायची नाहीत, नुसती उशाशी ठेवायचे, वासाला. माझं अंग ते विसरलं. मी कुठे विसरलो?

दसरा यंदा काचेतच गेला. तुला आठवतं, दसऱ्याला आपण छोट्या आगगाडीने नागपूरला जायचो, दीक्षाभूमीवर? रामाकोन्याला गाडी यायच्या आधीच तू पांढरा फ्रॉक मळवून बसायचीस. खिडकीतून तोंड काढू नको म्हटलं तरी काढायचीस आणि सावनेरपर्यंत डोळ्यातला कोळसा काढायचं काम माझ्याकडे. पदराचा बोळा करून माय त्यावर तोंडाची वाफ सोडायची आणि मी तुझी पापणी धरायचो. माय म्हणायची, 'हालू नको ना वं, मामाच्या लग्नात नाचून राहिली काय?' आता तेच डोळे मिटून तू टेबलावर पालथी पडलीस आणि मला मगज दिलास. ते मी पाहिलं नाही, पण लीलाने सांगितलं की भुलीचं औषध देताना तू एवढंच विचारलंस, 'भाऊले पुरंल ना?'

पुरलं गं.

तुझा,
गुणवंता

ता. क. माझा रक्तगटही आता बदलून तुझा होणार म्हणतात. स्वभाव बदलला तर मात्र लीला मला पांढुर्ण्याला पाठवून देईल.


मुंबई,
ता. ७ डिसेंबर १९८७

प्रिय चंद्रकला,

मला मामा करायचं आणि मलाच कळवायचं नाही, ही कुठली रीत? लग्नाला आठ वर्षं झाली, आपण सगळ्यांनी तो विषय बोलणंच सोडलं होतं, आणि मला हे शालिकरामकडून कळावं! काल सहा डिसेंबर म्हणून तो आपल्याकडच्या मंडळींबरोबर दादरला आला होता, तिथून तसाच माझ्याकडे आला. पांढुर्ण्याच्या गाडीचा ड्रायव्हर तो, त्याला हळू बोलता येतं कुठे? काचेपलीकडून ओरडला, 'मामा होऊन राहिला बे तू, गुणवंता!' अख्ख्या वॉर्डाने ऐकलं.

काच म्हणजे, तपासणीसाठी मला दोन-चार दिवस पुन्हा आत घेतलं आहे. थोडा ताप होता. विशेष काही नाही.

तू म्हणे तीन महिने भरल्याशिवाय सांगायचं नाही म्हणून गप्प होतीस. ठीक आहे. आता मी सांगतो ते ऐक. ओझं उचलायचं नाही. गाडीघोड्याचा प्रवास करायचा नाही. मुंबईला यायचं तर नावही काढायचं नाही, कोणी काहीही म्हणो. दवाखान्यातून काही निरोप आला तरी आधी मला विचारायचं. माझी तब्येत उत्तम आहे.

पहिलं बाळंतपण माहेरी. तुझ्या लग्नात मांडवातच मायने हे तुझ्या सासूकडून कबूल करून घेतलं होतं. आता बाबा नाहीत, माय नाही. माहेर म्हणजे मी, लीला आणि सौंसरच्या दोन खोल्या. सातव्या महिन्यात मी स्वतः तुला घ्यायला येणार. शालिकरामच्या गाडीत पुढची सीट धरून ठेवायला त्याला सांगितलं आहे. तो खिडकीबाहेर बघून 'हो' म्हणाला.

लीला कालपासून माझ्याशी बोलत नाही. नवराबायकोचं आहे, जुळेल.

इथे संत्री विकायला आली आहेत. वॉर्डाच्या खाली गाडी लागते. वास वरपर्यंत येत नाही, पण मला येतो.

जीव सांभाळ. दोन्ही जीव.

भाऊ


मुंबई,
ता. २८ फेब्रुवारी १९८८

प्रिय चंद्रकला,

तुझं पत्र आलं. आता बाहेरचा कागद मला हातात घेता येतो. घेतला, आणि हात भाजला.

शालिकरामला मी शपथ घातली होती, की मी धोक्याबाहेर आल्याशिवाय बोलायचं नाही. त्याने शब्द पाळला. आकडे सुधारल्याचं कळताच दुसऱ्या दिवशी तुझ्या ओट्यावर बसून सगळं ओकला. आता तुला माझ्या तोंडून ऐकायचं आहे, तर ऐक.

नोव्हेंबरच्या अखेरीपासून पेशी उतरायला लागल्या होत्या. आलेले पहारेकरी एकेक करून निघून जात होते. ताप भरला, म्हणून पुन्हा काचेत. सहा डिसेंबरला सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'बहिणीने दिलेलं टिकत नाहीये असं वाटतं. एका गोळीवरही संशय आहे, ती बंद करून पाहू. पण नुसती वाट पाहणं धोक्याचं आहे. तिला बोलावून घ्या, पुन्हा मगज काढावा लागेल.' मी लीलाला म्हटलं, आज तार कर. ती पोस्टात जायला निघाली आणि दारात शालिकराम भेटला, तुझी बातमी घेऊन.

तो ओरडला, वॉर्ड हसला, मीही हसलो. मग मी लीलाला हाताने खूण केली. तार नको.

डॉक्टरीणबाईंना मी स्वतः सांगितलं की बहीण गरोदर आहे. त्या म्हणाल्या, कोवळे महिने आहेत, भुलीचं औषध, रक्त जाणं, गर्भाला धोका आहेच, नाही असं मी म्हणणार नाही. पण तिला विचारा तरी. मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, 'हे तुम्ही तिच्या वतीने ठरवताय.' मी म्हटलं, 'हो.'

लीला काय म्हणाली ते तुला कधी सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण आता लपवण्यात अर्थ नाही. ती काचेला कपाळ टेकवून म्हणाली, 'तुमी मोठे भाऊ, मोठं मन तुमचं. तुमी गेले त तिले माहेर कोन देईन? अन् मी? माहा इचार कोन करंन?' ती तीन दिवस डबा ठेवायची आणि जायची. चौथ्या दिवशी आली, फडकं बांधलं, आत बसली आणि माझे पाय चेपत राहिली. तिला तू काही बोलू नकोस. ती रोज तुला बोलावू म्हणत होती आणि रोज स्वतःच 'नको' म्हणत होती.

आता तुझं लिहिणं. 'मगज माहा होता, भाऊ. देयाचा का नाई हे मीनं ठरवलं असतं. तू माहा बाप नाईस.' बरोबर आहे. तू नाही म्हणाली असतीस तर मला सोपं होतं. पण मी तुला ओळखतो. तू कुणाला न विचारता पहिल्या गाडीत बसली असतीस. मला भीती तुझ्या 'हो'चीच होती. आठ वर्षांनी तुझ्या पोटात काही रुजलं, आणि ते काढून मी माझ्या अंगात भरायचं? मग वाचून सौंसरच्या खिडकीत बसलो असतो आणि पांढुर्ण्याची गाडी लागली की रोज मान खाली घातली असती.

डॉक्टरीणबाईंनी ती गोळी त्याच दिवशी बंद केली होती. महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार झाल्या, त्यापुढे नाही म्हणाल्या. त्या दिवसांत मी काय केलं, सांगू? खोटं नाही सांगत, रामाकोन्याच्या घरात राहिलो. डोळे मिटले की उंबरा, घंगाळ, ओव्याचा धूर. मी हातात तुराटी धरून बसलेला. बाबा खोकी ठोकताहेत. माय आतून विचारते, 'कोन हाय रे?' मी म्हणतो, 'कोनी नाई माय.' ताप चढला की मी हे मोठ्याने बोलायचो, असं रजनी सिस्टर म्हणते.

नाताळानंतर आकडा हलला. आधी थोडासा. डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलंच नाही, पुन्हा तपासून मग सांगितलं. पेशी त्या गोळीने मारल्या होत्या, की मूळ रोपच सुकत होतं आणि सावरलं, हे नक्की कुणालाच सांगता येत नाही म्हणाल्या. त्या खोटा दिलासा देत नाहीत, म्हणून मला आवडतात. आता पेशी भरपूर आहेत आणि उतरत नाहीत. पुढच्या महिन्यात सौंसरला सोडणार.

म्हणजे सातव्या महिन्याचा शब्द जमेल तसा पाळतो. शालिकरामच्या गाडीत गर्दी असेल, धूळ असेल, म्हणून मला गाडीत बसायची परवानगी नाही. पण आणायला भावानेच जायचं असतं. तेव्हा श्रावणजी तुला गाडीने आणतील आणि मी सौंसरच्या स्टँडवर, गर्दीच्या बाहेर, तोंडाला फडकं बांधून उभा असेन. हसू नकोस. मागच्या खोलीत मी, पुढच्या खोलीत तू. बाळाला पोलिओचा डोस पाजला की काही आठवडे मला त्याच्याजवळ फिरकायचं नाही, कारण तो डोस त्याला चांगला आणि मला वाईट. तेवढे दिवस मी रामाकोन्याला आत्याकडे जाऊन राहीन. जन्मल्या जन्मल्या भाचा मामाला घराबाहेर काढणार. पुढे माझेही डोस सुरू होतील. आम्ही दोघं सौंसरच्या सरकारी दवाखान्यात एकाच बाकावर बसू आणि जो आधी रडेल तो हरला.

आता शेवटचं. परवा डॉक्टरीणबाईंनी माझ्या पेशींची आणखी एक तपासणी दाखवली. त्यात पेशी बाईच्या की पुरुषाच्या हे दिसतं म्हणे. माझ्या मगजातल्या, तपासल्या तेवढ्या सगळ्या पेशी बाईच्या निघाल्या. तुझ्या. माझं म्हणून त्यात काही उरलेलं नाही. मी कागद हातात घेऊन खूप वेळ बसलो. लीलाने विचारलं, काय झालं? मी कागद तिच्या हातात दिला.

चंदे, मायला सांगायला हवं होतं. तुझं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं ना? ते झालं, गेल्या सप्टेंबरात, मुंबईला. काचेची खोली होती, सव्वा महिना कुणाला आत सोडत नव्हते, तासभर का होईना दाराला कडुनिंब होता. कळा तू सोसल्यास. लेकरू जरा थोराड निघालं, तरी जगलं.

तेव्हा रागाव. पण सौंसरला येऊन रागाव. मी मागच्या खोलीच्या दाराशी उभा असेन, आणि तू उंबऱ्यात आलीस की आधी तेच विचारीन.

तुझा भाऊ, आणि तुझं थोरलं लेकरू,
गुणवंता